आईंच्या मोत्यांना रिठा लावू नका

पत्र: ताई, नमस्कार. मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते. सासूबाईंना जाऊन आठ वर्षं झाली. त्यांचे मोत्याचे दागिने, म्हणजे तन्मणी, चिंचपेटी, दोन सरांची माळ आणि नथ, तेव्हापासून बँकेच्या लॉकरमध्येच होते. मार्गशीर्षात थोरलीचं लग्न आहे म्हणून परवा घरी आणले. माळ पिवळट, निस्तेज दिसते आहे. चिंचपेटी डबीतून उचलली तर एक सर हातातच तुटला आणि मोती घरभर झाले. नणंदबाई म्हणतात, रिठ्याच्या पाण्यात भिजत घाल. सोनार म्हणतो, सगळं माझ्याकडे द्या, पॉलिश करून देतो. मुलगी म्हणते, जाऊ दे आई, नवीन घेऊ. मला मात्र वाटत राहतं की माझ्या हयगयीनं आईंच्या वस्तू वाया गेल्या. लग्नात घालता येतील का? पुढे कसे ठेवू? मोती बसऱ्याचे आहेत असं आई म्हणायच्या, ते खरं असेल का? आणि धाकटीलाही काही द्यायचं आहे, तर माळेचे दोन सर वेगळे केले तर चालेल का?

उत्तर:

वहिनी, आधी ती हयगयीची खंत मनातून काढून टाका. चिंचपेटीचा सर तुमच्या हातानं तुटला नाही, दोऱ्याचं वय झालं म्हणून तुटला. रेशमी दोरा कितीही चांगला असला तरी तो नुसता ठेवला तरी जुना होतच असतो. वर्षानुवर्षांचा घाम, तेल, पावडर त्यात मुरलेली असते आणि ती आतून त्याला खात असते. मोती मात्र शाबूत आहेत. दोरा ही बदलायचीच वस्तू आहे. तुमच्या सासूबाईंनीही त्यांच्या हयातीत तो कितीदा तरी बदलून घेतला असेल.

आता लगेच करायचं काम. घरभर झालेले मोती झाडूनं गोळा करू नका. फरशीवरच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते मोत्यापेक्षा कितीतरी कठीण असतात. रात्री दिवे मालवा, मोबाईलची बॅटरी फरशीला टेकवून आडवी धरा आणि हळूहळू फिरवा. कपाटाखालचा, पायपुसण्याच्या कडेचा एकेक मोती त्या उजेडात उठून दिसतो. ओल्या बोटानं टिपून घ्या, मऊ कापड घातलेल्या छोट्या डबीत ठेवा. तुटलेल्या सराचा उरलेला दोरा ओढून काढू नका. जिथे तुटलाय तिथे दोन्ही टोकांना साधी गाठ मारून टाका, म्हणजे बाकीचे मोती निसटणार नाहीत. आणि चिंचपेटी पांढऱ्या कापडावर पसरून पुढून आणि मागून फोटो काढून ठेवा. कुठल्या पेटीत कुठल्या आकाराचे मोती होते, हे दागिने ओवून-गाठवून देणाऱ्या पटवेकऱ्याला त्यावरून कळेल.

सोनाराचं पॉलिश. याला स्पष्ट नाही म्हणा. सोनार वाईट नाही, त्याचं काम सोन्याचं आहे. सोनं उजळताना ते तापवतात, आम्लात बुडवतात, ब्रशनं घासतात. सोन्याला यातलं काही बाधत नाही, मोत्याला यातलं प्रत्येक बाधतं. मोती खाणीतून निघत नाही. शिंपल्यातल्या जिवानं तो थरावर थर चढवून घडवलेला असतो. त्या थरांत बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट, त्यांना सांधून धरणारं एक प्रथिन आणि दोन ते चार टक्के पाणी असतं. संगमरवराच्या ओट्यावर लिंबू चिरून तसंच ठेवलं की तिथली चकाकी कायमची जाते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. मोतीही त्याच द्रव्याचा. आम्ल लागलं की वरचा थर विरघळतो आणि तो परत आणायचा उपाय जगात नाही. उष्णतेनं आतलं पाणी उडतं, प्रथिन सुकतं, मोती पिवळा पडतो, कधी तडकतो. हल्ली मोठ्या दुकानांत दागिने धुवायचं कंप पावणारं यंत्र असतं. त्यातही मोती टाकू देऊ नका. नथीच्या तारेला किंवा माळेच्या फाशाला, म्हणजे मागच्या अडकवणीला, डाग द्यायची (तापवून सांधायची) वेळ आलीच, तर आधी मोती उतरवायला सांगा आणि समोर बसून उतरवून घ्या.

नणंदबाईंचा रिठा पूर्वापार चालत आलाय, त्यामुळे त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. सोन्याच्या पाटल्या-बांगड्यांना तो छानच. पण रिठ्याचं पाणी आंबटसर असतं आणि त्यात मोत्याची माळ 'भिजत घालणं' हे दुहेरी नुकसान आहे. एक तर आंबटपणा मोत्याला लागतो. दुसरं म्हणजे पाणी भोकातून आत शिरतं, दोरा फुगतो, त्यातला जुना मळ सुटतो आणि मोत्याच्या भोकाशी काळी कड धरतो. ती कड मग निघत नाही. हेच टूथपेस्ट, खायचा सोडा, चिंच, लिंबू, व्हिनेगर, काच पुसायचं अमोनियाचं द्रावण या सगळ्याबद्दल. तांदळाच्या पिठात घोळून चोळायची पद्धतही काही घरांत आहे. तीही नको, कारण चोळणं हेच मुळात मोत्याला मानवत नाही. कठीणपणाच्या मोजपट्टीवर हिरा १०, वाळूचा कण ७, आणि मोती अवघा अडीच ते साडेचार.

तुमची माळ पिवळट दिसते, त्याची दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे वर बसलेला मळाचा, तेलाचा थर. तो निघतो, आणि तो निघाल्यावर बऱ्याचदा 'अरे, हे तर छान आहेत' असं होतं. दुसरं म्हणजे मोत्याच्या अंगातलाच पिवळेपणा, वयानं आलेला किंवा मुळातच असलेला. तो निघत नाही, आणि तो काढायच्या मागेही लागू नये. कारखान्यात रसायनं वापरून मोती पांढरे करतात हे खरं. पण घरातल्या जुन्या मोत्यांवर तो प्रयोग कुणालाही करू देऊ नका. जुन्या मोत्याची सायीसारखी पिवळसर झाक ही त्याची शोभा आहे. नऊवारी शालूवर, सोन्याच्या शेजारी, ती पांढऱ्याफटक मोत्यांपेक्षा कितीतरी भारदस्त दिसते. हे माझं मत आहे, पण लग्नाच्या दिवशी मुलीला आरशासमोर उभं करा आणि मग तिचंही मत विचारा.

तर स्वच्छ कसं करायचं. दुपारची निवांत वेळ काढा. बेसिनवर नाही, टेबलावर बसा आणि खाली जाड टॉवेल अंथरा. कोमट नव्हे, साध्या गार पाण्याची वाटी घ्या आणि त्यात लहान मुलांच्या शाम्पूचे एक-दोन थेंब टाका. दुसऱ्या वाटीत नुसतं पाणी. जुन्या, धुवून धुवून मऊ झालेल्या धोतराचे किंवा मलमलीचे तुकडे करून ठेवा. तुकडा शाम्पूच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा. तो दमट हवा, ओला नको. माळ टॉवेलवर आडवीच राहू दे. दोन बोटांत कापड धरून एकेक मोती हलकेच पुसत जा, आणि मोत्याला खाली-वर न सरकवता त्याच्याभोवती बोटं फिरवा. फाशाजवळच्या मोत्यांवर थोडा जास्त वेळ द्या. मानेमागे घाम साचतो, तिथलेच मोती सर्वांत मळकट असतात. कापड काळपट झालं की नवा तुकडा घ्या. मग नुसत्या पाण्यात पिळलेल्या कापडानं पुन्हा एकदा सगळे पुसा, म्हणजे शाम्पूचा अंश राहणार नाही. शेवटी कोरड्या मऊ कापडानं टिपा आणि पंख्याच्या वाऱ्यावर, सावलीत, टॉवेलवर आडवीच पूर्ण एक दिवस राहू द्या. उन्हात नाही, हेअर ड्रायरनं नाही, खुंटीला टांगूनही नाही. दमट दोरा टांगला की मोत्यांच्या वजनानं ताणतो आणि ताणलेला दोरा परत आखडत नाही.

कोरड्या कापडानं सुरुवात करू नका, एवढं मात्र नक्की लक्षात ठेवा. बडोद्याच्या उन्हाळ्यातली धूळ कुठल्याही डबीत शिरते, आणि धुळीनं भरलेला मोती कोरडा पुसणं म्हणजे त्यावर वाळू घासणं.

तन्मणीचं वेगळं. त्याच्या सरांना हीच पद्धत चालेल, पण मधल्या खोडाला, म्हणजे खड्यांच्या पदकाला, पाणी अजिबात लावू नका. जुन्या खोडांत खड्यांच्या मागे चमक यावी म्हणून पातळ वर्ख घातलेला असतो. पाणी आत गेलं की तो काळा पडतो आणि खडा मेल्यासारखा दिसतो. दागिन्याच्या पोटात लाख भरलेली असेल तर तिला उष्णता चालत नाही, म्हणून गरम पाणीही नको. खोड कोरड्या, अगदी मऊ ब्रशनं झटकायचं, बस. मागच्या रेशमी गोफाला आणि गोंड्याला वास येत असेल तर धुऊ नका, ते पटवेकऱ्याकडून नवंच करून घ्या. नथ तारेत ओवलेली असते, तिथे दोऱ्याची चिंता नाही, पण तार हलते. प्रत्येक मोती बोटानं हलवून बघा. खुळखुळत असेल तर तारेचं टोक आधी नीट बसवून घ्या आणि मगच घालायला द्या.

आता पटवेकरी. सोनारापेक्षा हा माणूस तुम्हाला जास्त हवा आहे. जुन्या शहरात, मांडवीच्या आसपासच्या पोळांत, म्हणजे गल्ल्यांत, दागिने गाठवणारे पटवे आहेत. तुमच्या ओळखीच्या सोनी मंडळींना विचारा, ते कुणाकडे काम पाठवतात. आणि आताच जा. नवरात्र झालं की दिवाळी, मग लग्नसराई, त्या गर्दीत घाईचं काम होतं आणि गाठवण्यात घाई चालत नाही. फक्त चिंचपेटी नको, नथ सोडून बाकी तिन्ही वस्तूंतले सगळे दोरे बदलून घ्या. एक दोरा गेला म्हणजे त्याच वयाचे बाकीचे जायच्या वाटेवर आहेत, आणि लग्नमंडपात माळ तुटणं तुम्हालाही नकोय.

काम शक्यतो समोर बसून करून घ्या. ते शक्य नसेल तर देण्याआधी वजन करा, मोती मोजा, फोटो काढा आणि तिन्ही गोष्टी पावतीवर लिहून घ्या. यात त्या माणसावर अविश्वास नाही. चांगला कारागीर स्वतःच मोजून घेतो. माळेतले मोती लहानमोठ्या क्रमानं लावलेले असतात, तो क्रम मोडू देऊ नका. एकेक सर उकलताना मोती खाचेच्या पाटीत ओळीनं पडले पाहिजेत. माळेला प्रत्येक दोन मोत्यांमध्ये गाठ मारून घ्यावी असं मी सांगेन. आपल्या जुन्या माळा बिनगाठीच्या, मोत्याला मोती भिडलेल्या असतात आणि त्या दिसतातही भरगच्च. पण गाठ असली की मोती एकमेकांवर घासत नाहीत, आणि दोरा तुटलाच तरी एखादाच मोती निसटतो. माळ थोडी लांब होईल, ते मुलीला आधीच सांगून ठेवा. चिंचपेटीच्या बारीक मोत्यांना गाठी जमणार नाहीत, तिथे जुनीच पद्धत ठेवा. दोरा रेशमाचाच मागा. आणि 'दोरा जात नाही, भोक जरा मोठं करतो' असं कुणी म्हणालं, तर वस्तू उचलून घरी या. जुन्या खऱ्या मोत्यांना भोक मुद्दाम बारीक पाडलेलं असतं, कारण मोत्याची किंमत वजनावर आणि भोक जितकं मोठं तितकं वजन कमी. बारीक सुईनं, बारीक दोऱ्यानं ते ओवता येतात.

लग्नानंतर दागिना वरचेवर वापरात असेल तर वर्षा-दोन वर्षांनी आणि सणासुदीलाच असेल तर तीन ते पाच वर्षांनी दोरा बदलावा. ओळखायची खूण सोपी. माळ टॉवेलवर सरळ पसरा. मोत्यांच्या मधे दोरा दिसायला लागला, किंवा दोरा काळसर, केसाळ झाला, की समजा वेळ आली.

तुम्ही विचारलंत, पुढे कसे ठेवू. माझं पहिलं उत्तर: घालत जा. मोत्याला जे पाणी असतं ते अति कोरड्या, हवाबंद जागेत उतरतं. लॉकरमध्ये आठ वर्षं बंद राहण्यापेक्षा हळदीकुंकवाला, मुंजीला, दिवाळीत गळ्यात पडलेले मोती चांगले राहतात, अट एवढीच की घरी आल्यावर ते पुसले गेले पाहिजेत. अंगाच्या उबेनं मोत्याला चमक येते असं आपल्याकडे म्हणतात. त्यात तथ्य आहे ते इतकंच की वापरातल्या मोत्याची देखभाल होते. न पुसलेला घाम हा मोत्याचा शत्रूच, कारण घाम आम्लयुक्त असतो.

प्रत्येक दागिन्याला स्वतंत्र मलमलीची पिशवी शिवा. जुन्या मऊ साडीची असली तरी चालेल, फक्त रंग जाणारी नको. सोन्याच्या बांगड्या, हिऱ्याची कुडी, घड्याळ यांच्याबरोबर मोती एका डबीत टाकू नका. माळ सैल वेटोळं करून आडवी ठेवा. सोनाराकडचा गुलाबी कागद तेवढा काढून टाका. दमट हवेत त्याचा रंग सुटतो आणि मोती तो रंग पिऊन घेतो. झिपची प्लास्टिक पिशवी, बुटांच्या खोक्यातल्या त्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या, डांबराच्या गोळ्या, यातलं काहीच मोत्यांच्या सोबत नको. आणखी एक गोष्ट, जी फारशी कुणी सांगत नाही. नवीन प्लायवूडच्या कपाटातून, काही जातींच्या लाकडांतून, स्वस्त पुठ्ठ्यातून आम्लाची वाफ निघत राहते. वस्तुसंग्रहालयांत शंख-शिंपल्यांवर अशा कपाटांत पांढरी भुकटी चढते, म्हणून तिथले लोक लाकडी खण टाळतात. मोती शिंपल्याच्याच द्रव्याचा. तेव्हा नवं फर्निचर केलं असेल तर मोती त्यात नकोत, जुनी स्टीलची डबी कापड घालून वापरा.

घरात ठेवायचे तर तळमजल्यावर, खालच्या खणात ठेवू नका. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात कुठवर आलं होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. पुराच्या गढूळ पाण्यात मोत्याचा दागिना कधी सापडलाच, तर स्वच्छ पाण्यानं लगेच हलकेच धुवा, आडवा वाळवा, आणि तो दोरा पुन्हा वापरू नका.

लॉकर हवाच असेल तर असू दे, चोरीची भीती खरी आहे. पण दर तीन-चार महिन्यांनी तिथे जा, डबी उघडा, मोत्यांना हवा लागू द्या, हातात घेऊन बघा. लॉकरमध्ये पाण्याची वाटी ठेवा असा सल्ला कुणी देईल, तो घेऊ नका. शेजारच्या कागदपत्रांना बुरशी लागते. जात-येत राहण्याला दुसरंही कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार सात वर्षं लॉकर उघडलाच नाही आणि धारकाचा पत्ता लागला नाही, तर भाडं वेळच्या वेळी भरलेलं असलं तरी बँक तो उघडण्याची कारवाई करू शकते. आणि आगीत, चोरीत किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीनं नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपुरती असते. तेव्हा वारसाचं नाव नोंदवलंय ना, ते या निमित्तानं बघून घ्या.

लग्नाच्या दिवसाचं सांगते. मोती सगळ्यात शेवटी चढवायचे आणि सगळ्यात आधी उतरवायचे. मेकअप, केसांचा स्प्रे, सेंट, सगळं झाल्यावर, साडी नेसून झाल्यावर, हात धुवून, मग तन्मणी. हळदीच्या दिवशी एकही मोती अंगावर नको, हळदीचा रंग मोत्यात बसतो. हार घालताना फुलांचं पाणी निथळत असतं. वऱ्हाडातल्या एका मैत्रिणीला आधीच सांगून ठेवा की हार झटकून मगच पुढे करायचा. ओल्या हाराखाली माळेचा दोरा भिजतो आणि पुढचे तीन-चार तास त्याच दोऱ्यावर वजन असतं. लाजाहोमाच्या धगीची चिंता नको, तेवढ्यानं काही होत नाही. रात्री मुलगी दमलेली असेल, तिच्याकडून पुसण्याची अपेक्षा ठेवू नका. ते काम तुमच्या भावजयीकडे किंवा धाकटीकडे नेमून द्या: दमट कापड, कोरडं कापड, रात्रभर टॉवेलवर, सकाळी पिशवीत.

हळदीकुंकवाला मनगटावर अत्तर लावतात, गुलाबपाणी शिंपडतात. मोत्याच्या बांगड्या असतील तर दुसरा हात पुढे करायचा. आणि नवरात्र तोंडावर आलंय म्हणून सांगते, गरब्याला मुलींनी ही माळ मागितली तरी देऊ नका. चार तास घाम, मैदानातली धूळ आणि वर परफ्यूम! गरब्याला नकली मोतीच शोभतात, तुटले तरी जिवाला लागत नाही.

मोती बसऱ्याचे आहेत का, हे मी इथून सांगू शकत नाही, आणि खरं तर तुमचा सोनारही नुसत्या डोळ्यांनी खात्रीनं सांगू शकणार नाही. आखातातला मोती बसरा आणि बहारीनच्या वाटेनं मुंबईच्या बाजारात यायचा, आणि बडोद्याच्या दरबाराला त्याचं वेड होतं. खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास मोत्यांची जी चादर करवून घेतली, तीत सुमारे पंधरा लाख बारीक बसरा मोती आहेत. २००९ मध्ये दोह्याच्या लिलावात ती सुमारे ५५ लाख डॉलरना गेली. दरबाराची हौस शहरातल्या मराठी घरांत झिरपली होती, त्यामुळे तुमच्या आईंचं म्हणणं खरं असू शकतं. पण जपानचे कल्चर्ड मोती, म्हणजे माणसानं शिंपल्यात मणी घालून तयार करवलेले, १९२० च्या दशकापासून बाजारात येऊ लागले होते. दागिना त्यानंतर घडवला किंवा दुरुस्त केला असेल तर मिसळण झालेली असू शकते. दातावर हलकेच घासून किरकिर लागली तर मोती काचेचा-प्लास्टिकचा नाही एवढंच कळतं. नैसर्गिक की कल्चर्ड, हे क्ष-किरणांनी आतले थर बघूनच ठरतं. मुंबईतल्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळा ते करतात. दोरे बदलायला माळ उकलेल तेव्हा त्यातले चार मोती तपासायला पाठवा. नैसर्गिक निघाले तर विमा उतरवा. कल्चर्ड निघाले तर जपणूक आणखी काटेकोर हवी, कारण आत मणी असतो आणि वर मोत्याचा थर पातळ. तो झिजला की आतला मणी दिसायला लागतो.

राहिली माळेची वाटणी. दोन सर वेगळे करा, बेलाशक करा. त्यात आईंचा अपमान नाही. बडोद्याच्या राजघराण्याच्या प्रसिद्ध सात सरांच्या माळेतले निवडक मोती काढून पुढे दोन सरांची माळ केली गेली आणि ती २००७ मध्ये न्यूयॉर्कला सुमारे ७१ लाख डॉलरना विकली गेली. मोती असे पुन्हा पुन्हा ओवले जाण्यासाठीच असतात. फक्त सर आहेत तसेच वेगळे करा, 'तुला मोठे, मला लहान' म्हणून मोती निवडायला बसू नका. आतला सर नेहमी थोडा आखूड असतो. तो जिला जाईल तिला चार नवे मोती घालून लांबी बरोबर करून द्या, आणि ते नवे मोती फाशाच्या बाजूला, मानेमागे जातील असे ओवायला सांगा. फासा एकच आहे, दुसरा करावा लागेल. आणि हे सगळं थोरलीच्या लग्नानंतर. या लग्नात तिला दोन सरांची आख्खी माळ घालू द्या. धाकटीला आत्ताच बोलावून, दोघींच्या समोर, कुठला सर कुणाचा ते सांगून ठेवा, आणि ते माळेच्या फोटोच्या मागे तुमच्या हातानं लिहून डबीत ठेवा.

पटवेकऱ्याकडे कधी जाताय ते कळवा. चिंचपेटीतले काही मोती सापडले नाहीत तर तिला नवे लावू नका. तन्मणीच्या मागच्या बाजूचे, जे दिसत नाहीत, त्यांतले मापाचे मोती चिंचपेटीला घालता येतात, आणि तिथे नवे भरता येतात.